आधी तीस दिवसांचं कलम वाचा

सांगली जिल्ह्यातल्या एका न्यासाच्या सचिवताईंनी विचारलंय: संस्था अंध मुलांना शिष्यवृत्ती देते, वेबसाइट बाहेरून करून घेतली आणि तिच्यावरचा अर्ज अंध मुलांनाच भरता येत नाही. डेव्हलपर म्हणतो, ‘हे करारात नव्हतं, जादा पैसे पडतील.’ शेवटचा हप्ता द्यावा का? याच अडचणीचं हे महिन्यातलं तिसरं पत्र.

ताई, हप्त्याचं नंतर. कराराचं कलम 9 बघा: ‘काम सुपूर्द केल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते स्वीकारले असे मानले जाईल.’ वेबसाइट 3 तारखेला सुरू झाली, तुमचं पत्र 24 तारखेचं. हातात जेमतेम आठवडा आहे, आणि तीन आठवडे तुम्ही फोन आणि व्हॉइस नोटवर घालवलेत! त्या ‘लेखी’ नाहीत, असं समोरचा म्हणणारच.

आजच ईमेल करा, तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा. ‘साइट नीट चालत नाही’ एवढ्याने भागणार नाही. एका विद्यार्थ्याला शेजारी बसवा, एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करा आणि टॅब दाबत त्याला अर्ज भरू द्या. नावाच्या चौकटीवर नुसतं ‘एडिट’ ऐकू येतं, सबमिटवर नुसतं ‘बटन’, जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही. हे तुम्हीच कळवलंय. त्याचं रेकॉर्डिंग जोडा. ‘दोष दूर होईपर्यंत काम स्वीकारलेले नाही आणि म्हणून अखेरचा हप्ता रोखला आहे’ हे वाक्य पत्रात हवंच. कारण न कळवता पैसे अडवलेत, तर थकबाकीदार तुम्ही ठराल.

करारात ‘आकर्षक व युजर-फ्रेंडली’ लिहून सही केलीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीच्या मानकांपैकी ‘डब्ल्यूसीएजी 2.1, स्तर एए’ (आंतरराष्ट्रीय) किंवा ‘आयएस 17802’ (भारतीय) एवढी एक ओळ असती, तर जादा पैशांचा प्रश्नच आला नसता.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘खासगी आस्थापना’ म्हणजे न्यासही येतो. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत, पुढच्यांना 50,000 ते 5 लाख दंड आहे. तो डेव्हलपरवर ढकलता येईल, अशी खात्री मी देणार नाही. याच कायद्याखालचा, सुगम्यतेच्या (दिव्यांगांना वापरता येण्याच्या) मानकांचा नियम 15(1) सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. ती मुदत केव्हाच उलटली. करारात ‘लागू कायद्यांचे पालन’ असे शब्द असतील तर थोडा आधार मिळेल.

कोर्टात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण मुलांची फी या जूनमध्ये भरायची आहे. साइट दुरुस्त होईपर्यंत अर्ज फोनवरून घ्या, आणि अंतिम तारीख पुढे ढकलल्याचं प्रत्येक मुलाला फोन करून कळवा.