कोच नंतर काढा, आधी ती पॉलिसी

पत्र (थोडक्यात): "मी ४७ वर्षांचा, मूळचा सांगलीचा. अमेरिकेत मिडवेस्टमध्ये ज्या विद्यापीठात एमएस केलं त्याच गावात राहिलो आणि बास्केटबॉलचं वेड लागलं ते लागलंच. आमचा संघ तीन वर्षं मार खातोय. कोचचा करार अजून तीन वर्षांचा आहे, वर्षाला २५ लाख डॉलर. आत्ता काढला तर उरलेल्या पगाराच्या ७० टक्के त्याला द्यावे लागतील. त्यासाठी क्रीडा विभाग माजी विद्यार्थ्यांकडे देणग्या मागतोय. माझ्याकडे २५ हजार डॉलर मागितलेत, बदल्यात कोर्टाजवळच्या दोन सीझन तिकिटांचा हक्क. पैसे माझ्या आययूएल पॉलिसीवर (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) कर्ज काढून देणार आहे. हे कर्ज शून्य खर्चाचं असतं, असं एजंट म्हणतात. ८० टक्के रक्कम टॅक्समध्ये सुटेल. मुलगा अकरावीत आहे, त्याच्या इथल्या प्रवेशालाही मदत होईल. लुईव्हिल विद्यापीठाचं बघा, कोच काढला आणि वर्षात संघ उभा राहिला. प्रश्न एवढाच: कॉलेजला हे परवडेल ना?"

परवडेल. त्याची काळजी तुम्ही करू नका.

तीन वर्षांचे ७५ लाख, त्याचे ७० टक्के म्हणजे ५२ लाखांच्या आसपास. सहायक कोचांचे करार मोडायचे, नव्या कोचला त्याच्या आधीच्या कॉलेजच्या करारातून सोडवायचं, हे धरून ६५ लाख म्हणा. आता दुसरी बाजू. तुम्हीच लिहिलंय की दर सामन्याला चारेक हजार खुर्च्या रिकाम्या असतात. घरचे १६ सामने, ३५ डॉलरचं तिकीट, म्हणजे वर्षाला २२ लाख गेले. पार्किंग, खाणंपिणं आणि तिकिटांना जोडलेल्या देणग्या मिळून ३० लाख. दोन-सव्वादोन वर्षांत खर्च निघतो, अर्थात नवा कोच जिंकला तर. शिवाय ही रक्कम बहुतेक वेळा हप्त्यांनी देतात, आणि कोचला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार त्यातून वजा होईल असं कलम अनेक करारांत असतं. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा असं कलमच नव्हतं, आणि साडेसात कोटी डॉलरच्या वरचा आकडा गळ्यात पडला. तरी विद्यापीठ चालूच आहे. ही मंडळी बुडत नाहीत. पैसे त्यांचे नसतात, तुमच्यासारख्यांचे असतात.

लुईव्हिलचं उदाहरण अर्धंच आहे. कोच केनी पेनच्या दोन हंगामांत तिथे १२ विजय आणि ५२ पराभव झाले. बावीस हजारांच्या केएफसी यम सेंटरमध्ये रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. मार्च २०२४ मध्ये ८० लाख डॉलरचा करार मोडून त्याला घरी पाठवलं आणि नवा कोच पॅट केल्सीने पहिल्याच हंगामात २७ सामने जिंकले. खरं आहे. पण शेजारच्या इंडियाना विद्यापीठाकडेही बघा. २०२१ मध्ये कोच आर्ची मिलरला काढायला १ कोटी डॉलरच्या वर लागले, तेही खाजगी देणगीदारांनी दिले. पुढचा कोच माइक वुडसन चार हंगामांत दोनदा एनसीएए स्पर्धेत (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत) पोचला, आणि २०२५ मध्ये इंडियाना पुन्हा नवा कोच शोधत होतं. देणगी परत मिळाल्याचं कुणी सांगत नाही.

स्पर्धेत पोचलो की पैसाच पैसा, हेही मनातून काढा. स्पर्धेतल्या एका सामन्याच्या सहभागाचे साधारण २० लाख डॉलर मिळतात, पण सहा वर्षांत विभागून, आणि ते कॉन्फरन्सकडे (कॉलेज ज्या गटात खेळतं त्याच्याकडे) जातात, तिथून सगळ्या सदस्य कॉलेजांत वाटले जातात. उलट जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलर होती. नवा कोच आला की निम्मे खेळाडू निघून जाणार आणि नवे आणायला पैसे लागणार. त्यामुळे पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा फोन येईल. या वेळी कोचसाठी, पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूसाठी.

कॉलेजचा विषय इथे संपला. कर्ज किती मिळेल हे दाखवायला तुम्ही पॉलिसीचं स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप जोडलीत, ते फार बरं केलंत. खरं पत्र तेच आहे.

आधी किरकोळ गैरसमज. ८० टक्के सूट २०१७ पर्यंत होती. २०१८ पासून तिकिटांच्या हक्काच्या बदल्यात दिलेल्या देणगीवर एक डॉलरही वजावट नाही. तिकिटांचा हक्क सोडलात तरी तुमच्या घराचं व्याज आणि बाकीचे कर मिळूनही तुम्ही स्टँडर्ड डिडक्शनच (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) घेताय, म्हणजे फायदा जेमतेम. आणि २५ हजारांत प्रवेश समितीतलं कुणी मान वर करून बघत नाही. तिथे नाव लागतं ते इमारतीला नाव देणाऱ्यांचं.

आता ती पॉलिसी. इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ. सहा वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या मित्राने दिली, जो दिवसा आयटीत असतो आणि शनिवार-रविवारी 'फायनान्शियल एज्युकेशन' करतो. ओळखीची गोष्ट आहे; न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत प्रत्येक मंडळात असा एक मित्र असतो. तो वाईट माणूस असेलच असं नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून त्याला आणि त्याच्या वरच्या साखळीला जातो, एवढं मात्र त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही महिना १,५०० भरताय. सहा वर्षांचे १ लाख ८ हजार झाले. स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ९३ हजार लिहिलंय आणि तुम्ही पत्रात तोच आकडा 'माझी बचत' म्हणून सांगता. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत सरेंडर व्हॅल्यू आहे: ७० हजार. तुमचे पैसे म्हणजे हे ७० हजार. मधले २३ हजार म्हणजे या पॉलिसीला काढून टाकायचा दंड. कोचच्या करारातला बायआउट, म्हणजे करार मोडायची किंमत, तुम्हाला तोंडपाठ आहे, कोणत्या तारखेला किती होतो तेही. स्वतःच्या करारातला माहीत नव्हता. फरक एवढाच की तिकडे कलमं कोचच्या वकिलाने त्याच्या सोयीची लिहून घेतली, इकडे ती कंपनीने लिहिली आणि तुम्ही सही केलीत.

"बाजार पडला तरी शून्याखाली नाही, वाढला की वाढ तुमची," असं तुम्हाला सांगितलं गेलं. तुमच्या पॉलिसीत वाढीला ९ टक्क्यांची मर्यादा आहे. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी एस अँड पी ५०० वीस टक्क्यांच्या वर वाढला, तुमच्या खात्यात दर वेळी नऊच पडले. २०२२ मध्ये निर्देशांक १९ टक्के पडला, तुम्हाला शून्य मिळालं. पण विम्याचा आणि प्रशासनाचा खर्च त्या वर्षीही कापला गेला, म्हणजे शून्याखाली गेलातच. लाभांश तर या हिशेबात धरतच नाहीत. तुम्हाला दाखवलेल्या रंगीत तक्त्यात दरवर्षी ६.८ टक्के आहेत, चाळीस वर्षं, न चुकता. शेजारी 'गॅरंटीड' नावाचा रकाना होता. त्यात पॉलिसी ७१व्या वर्षी बंद पडते. तो रकाना कुणी वाचून दाखवत नाही.

तेच १,५०० साध्या इंडेक्स फंडात गेले असते तर आज दीड लाखाच्या वर असते. तुम्हाला सहा लाखांचं विमाकवच मिळालं हे मान्य. टर्म पॉलिसीत (ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला विमा) त्याला वर्षाला हजारेक पडले असते, म्हणजे सहा हजार. ते वजा करूनही भोक मोठं आहे.

आणि हे अजून सगळ्यात मोठं भोक नाही. ते पगाराच्या स्लिपवर आहे. तुमची कंपनी ४०१-के मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. पॉलिसी घेतली त्या महिन्यात तुम्ही स्वतःचा वाटा ५ वरून २ टक्क्यांवर आणलात, कारण "४०१-के वर पुढे टॅक्स लागतो, पॉलिसीवर नाही." १ लाख ६० हजारांच्या पगारावर ३ टक्के म्हणजे वर्षाला ४,८०० डॉलर कंपनी द्यायला तयार होती आणि तुम्ही घेतले नाहीत. पाच हजार धरा. सहा वर्षं. तीस हजार, वाढ न धरता. टॅक्स वाचवायला म्हणून पगार नाकारणारा माणूस मी एरवी पाहिलेला नाही, पण या पॉलिसीवाल्यांचे ग्राहक हमखास हेच करतात.

आता या पॉलिसीवर २५ हजारांचं कर्ज. शून्य खर्चाचं? तुमच्याच कागदांत व्याज ५ टक्के आहे. निर्देशांक चांगला वाढला तर जमा होणाऱ्या रकमेने ते भरून निघतं, म्हणून 'शून्य'. ज्या वर्षी जमा शून्य, त्या वर्षी व्याज मात्र पाच. दहा वर्षं फेडलं नाही तर २५ चे ४१ हजार होतात. तोवर तुम्ही ५७चे, आणि विम्याचा आतला खर्च वयाबरोबर चढत जातो. कर्जाच्या ओझ्याने पॉलिसी बंद पडली तर भरल्यापेक्षा जास्त निघालेल्या रकमेवर एकदम टॅक्स येतो. तूर्त तुम्हाला ती भीती नाही, कारण नफाच नाही. तोट्याचा हा एक फायदा.

तर पॉलिसी ठेवायची की काढायची? तुम्ही म्हणाल, चार वर्षं थांबलो तर दंड शून्यावर येतो, २३ हजार वाचतात. बघू. गेल्या वर्षी तुमच्या खात्यातून ५,२०० कापले गेले. चार वर्षांचे २१ हजार तिथेच गेले. त्यात ४०१-के चे नाकारलेले वर्षाला पाच हजार मिळवा. थांबून तुम्ही २३ वाचवायला ४० घालवताय. कॉलेजने हाच हिशेब केला आणि म्हणून ते कोचला काढायला निघालेत: गेले ते गेले, पुढचं बोला.

काढा. पण क्रम चुकवू नका. आधी टर्म विमा, २० वर्षांचा, १० लाखांचा. घरावर २ लाख ८० हजारांचं कर्ज, पत्नीची अर्धवेळ नोकरी, दोन मुलं, त्यातलं धाकटं अकरा वर्षांचं. सहा लाख तसेही अपुरे होते. तब्येत ठीक असेल तर वर्षाला दीड ते दोन हजार पडतील. मेडिकल होऊन नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. तपासणीत काही निघालं तर हा सगळा हिशेब बदलतो आणि जुनी पॉलिसी हप्ता कमी करून चालू ठेवावी लागेल.

टर्म हातात आली की सरेंडर. हा तोटा करात दाखवता येत नाही. मोठा मुलगा लहान असता तर मी ही रक्कम करकायद्याच्या १०३५ कलमाखाली स्वस्त अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीच्या निवृत्ती योजनेत) हलवायला सांगितलं असतं. भरलेले १ लाख ८ हजार तुमची मूळ रक्कम म्हणून पुढे धरले जातात आणि तिथवरच्या वाढीला कर लागत नाही. पण तुम्हाला दोन वर्षांत फी भरायची आहे. शिवाय 'अ‍ॅन्युइटी' म्हटलं की तोच मित्र स्वतःची घेऊन येईल, दहा वर्षांच्या दंडासकट, आणि तुम्ही आगीतून फुफाट्यात. रोखच घ्या.

७० हजारांपैकी २५ हजार बँकेत, आणीबाणीसाठी. सध्या तिथे १४ हजार आहेत, दोन महिनेही निघणार नाहीत. देणगीचा आकडाही हाच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उरलेले ४५ हजार मुलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या फीसाठी, ट्रेझरी बिलं (अल्प मुदतीचे सरकारी रोखे) किंवा बऱ्या व्याजाचं बचत खातं, शेअरबाजार नाही. महिन्याचे १,५०० मोकळे झाले: ४०० मध्ये ४०१-के पुन्हा ५ टक्क्यांवर येतं, दीडशे टर्मला, उरलेले साडेनऊशे दोघांच्या रॉथ आयआरएमध्ये (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं). ४०१-के चा वाटा मात्र या महिन्याच्या पगारापासूनच वाढवा, पॉलिसीची वाट बघू नका. ४०१-के चा टक्का बदलायला कंपनीच्या पोर्टलवर पाच मिनिटं लागतात.

तिकिटांचं म्हणाल तर तीन वर्षं हरणाऱ्या संघाची तिकिटं आयत्या वेळी पुनर्विक्रीत छापील किमतीच्या खाली मिळतात, कोर्टाजवळचीसुद्धा. मुलाला घेऊन पाच-सहा सामने बघा. देणगी द्यायचीच तर ५०० डॉलर द्या, आणि शिष्यवृत्तीच्या निधीला द्या.

एजंट मित्राला यातलं काही कळवू नका, टर्मची मेडिकल होऊन पॉलिसी येईपर्यंत तरी. सरेंडरचा अर्ज गेला की त्याला सूचना जाईल आणि तो घरी येईल, बहुधा वरिष्ठांना घेऊन. त्या दिवशी पत्नीलाही बसवा. चहा द्या आणि कंपनीकडून नवं इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीच्या पुढच्या वर्षांचा तक्ता) मागा, गॅरंटीड रकान्यासकट, छापील. तोंडी काही ऐकू नका.