नामिबियातल्या शिकारीच्या सहलीसाठी व्यावसायिक कॅमेरामन घ्यावा का?

पहिलीच खेप असेल आणि कुडूच्या (पीळदार शिंगांचं, हरणासारखं मोठं जनावर) मागे पायी फिरायचं असेल, तर माझ्या मते नको. तुम्ही, गाईड आणि माग काढणारा अशी तीन माणसं आधीच असतात. चौथ्यामुळे पावलांचा आवाज आणि अंगाचा वास वाढतो, आणि कुडूचे कान केवढे असतात ते तुम्हाला दिसेलच! शिवाय कॅमेरामनची फ्रेम जुळेपर्यंत गोळी रोखून धरायची. तेवढ्यात नर झुडपाआड. मग घाईत बार उडवला आणि जनावर जखमी होऊन निसटलं, तर तिकडे बहुतेक ठिकाणी त्याचे पूर्ण पैसे मोजावे लागतात.

पाणवठ्याजवळ आडोशाला बसून शिकार करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे कॅमेऱ्याची अडचण कमी, उलट गोळी नेमकी कुठे लागली ते रेकॉर्डिंगमध्ये लगेच बघता येतं. माग काढताना याचा फार उपयोग होतो.

घेतलाच, तर त्याचा रोजचा दर, राहणं-खाणं आणि न कापलेलं सगळं फुटेज मिळेल का, हे आउटफिटरकडून, म्हणजे शिकारीची सहल आयोजित करणाऱ्याकडून, लेखी घ्या. नुसती आठवण हवी असेल तर गाईडच्या हातात मोबाईल द्या. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर मात्र जपून टाका. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, सगळ्यांना कौतुक वाटेलच असं नाही.