पाकिटावर नाव नाही, नंबर असतो

प्रश्न : डॉक्टर, मी २७ वर्षांची, अविवाहित. सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. दीड वर्षापूर्वी आठव्या आठवड्यात गर्भपात करून घेतला, मान्यताप्राप्त रुग्णालयात, सगळं रीतसर. गेल्या महिन्यात मला स्थळ आलं आणि पाठोपाठ आत्यानं आईला विचारलं, "पोरीचं त्या दवाखान्यात काय झालं होतं गं?" आत्याच्या शेजारची मुलगी तिथं रिसेप्शनला आहे. माझं नाव तिथून पुसून घेता येईल का? याला काही कायदा आहे का? मोबाइलमधल्या पाळीच्या ॲपमध्येही त्या महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यांचं काय करू? – एक वाचक

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर, तू काही चोरून केलेलं नाहीस. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. वडिलांची, नवऱ्याची, कुणाचीच सही लागत नाही. चूक झाली ती तुझं गुपित सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांची.

ते गुपित कसं सांभाळायचं असतं, ते तुला माझ्या दवाखान्यातलं सांगते. ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. गर्भपाताचं संमतीपत्र आणि डॉक्टरचं लेखी मत एका पाकिटात घालून ते सीलबंद करायचं. पाकिटावर पेशंटचं नाव नाही. वर्षाचा अनुक्रमांक, म्हणजे समजा १२/२०२४, डॉक्टरचं नाव आणि 'गोपनीय' हा शब्द, एवढंच. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, सगळीकडे तोच नंबर. नाव फक्त ॲडमिशन रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर हा गुप्त दस्तऐवज. गर्भपात कायद्याच्या २००३ च्या नियमावलीतली ही पद्धत आहे. ज्यानं कुणी ती लिहिली, त्याला गावातल्या बाईची भीती नीट कळली होती, असं मला नेहमी वाटतं. कामावरच्या रजेसाठी दाखला दिला, तर मालकानंही ती माहिती दुसऱ्या कुणाला सांगायची नाही, हेसुद्धा त्यात आहे.

पण ही सगळी व्यवस्था कागदासाठी केलेली. काही वर्षांपूर्वी मी बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. आठवड्याभरात एका मुलीचं बिल हातात आलं, वर तिचं पूर्ण नाव आणि खाली ठळक अक्षरात 'एमटीपी', म्हणजे वैद्यकीय गर्भपात. कपाटाला कुलूप आणि काउंटरवर हे! माझ्या पोटात गोळा आला. त्याच दिवशी प्रोग्रॅम बदलून घेतला, आधीची बिलं काढून टाकायला लावली. तुझ्या बाबतीत बातमी अशाच एखाद्या बिलातून, नाहीतर व्हॉट्सॲपवर गेलेल्या सोनोग्राफी रिपोर्टमधून फुटली असण्याचा संभव मला जास्त वाटतो.

आता कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात कायद्यात कलम ५-अ आलं. गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही डॉक्टरनं सांगितला, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वाचून बरं वाटतं. पण कलमातले शब्द आहेत 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी'. रिसेप्शनिस्ट, लॅबमधला मुलगा, आयाबाई, सॉफ्टवेअरवाला यांचं नाव त्यात कुठेच नाही. नियमावली मुद्दाम मोडणाऱ्याला १९७१ च्या मूळ कायद्यात दंड आहे, तो १,००० रुपयांपर्यंत. एका मुलीच्या आयुष्याशी खेळल्याचा!

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंड आहे, मात्र तो सरकारजमा होतो, तुला त्यातला रुपयाही मिळत नाही. तो कायदा कागदी रजिस्टरला लागत नाही. आणि आरोग्याची माहिती जास्त नाजूक, असा वेगळा वर्गही त्यात नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तो होता. हे मला मागे गेल्यासारखं वाटतं. अमेरिकेत २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेल्यावर वॉशिंग्टन राज्यानं पुढच्याच वर्षी आरोग्य-माहितीचा स्वतंत्र कायदा केला. तिथं माहिती फोडणाऱ्या कंपनीविरुद्ध बाईला स्वतः कोर्टात जाता येतं. दवाखान्यापासून २,००० फुटांच्या आत मोबाइलच्या ठिकाणावरून तिचा माग काढायलाही बंदी आहे. आपल्याकडे असा कायदा हवा, आणि बाईची माहिती ज्याच्या ज्याच्या हातातून जाते तो प्रत्येक माणूस त्यात यायला हवा.

नाव पुसण्याबद्दल. रजिस्टर पाच वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, तिथलं नाव खोडता येणार नाही. खोडूही नये, उद्या तुझ्या तब्येतीची तक्रार निघाली तर तोच पुरावा. पण काउंटरच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावापुढे काय लिहिलंय आणि ते कोण कोण उघडू शकतं, हे तू लेखी विचारू शकतेस. स्वतःचे कागद मागितलेस, तर डॉक्टरनं ७२ तासांत द्यायला हवेत. दाद लागली नाही तर जिल्हा शल्यचिकित्सक आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार कर. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे. कर्मचाऱ्यानं केलं म्हणून मालक डॉक्टरला हात झटकता येत नाहीत.

ॲपचं थोडक्यात. आधी ॲपमध्ये जाऊन खातं आणि नोंदी डिलीट कर, मग ॲप काढ. नुसता आयकॉन उडवला तर नोंदी कंपनीकडे तशाच राहतात. 'फ्लो' नावाच्या ॲपनं बायकांच्या पाळी-गर्भधारणेची माहिती फेसबुक, गूगलसारख्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं केला होता, २०२१ मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. मी पेशंटना भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब करायला सांगते.

अर्ज लिहिताना एवढं पाळ. त्यात 'गर्भपात' हा शब्द नको, काय झालं त्याचं वर्णन नको. डिस्चार्जच्या कागदावरचा अनुक्रमांक आणि तारीख लिही. पाकीट बंद करून थेट मालक डॉक्टरांच्या हातात दे, काउंटरवर नाही, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर त्यांचीच सही घे.