लोड बॅलन्सिंग: भारसंतुलन, भारनियमन की भारवाटप?

प्रश्न असा: क्लाउडवर वेब ॲप्लिकेशन कसं चालवायचं यावर नवशिक्यांसाठी मराठी पुस्तिका लिहायची आहे. त्यात ‘लोड बॅलन्सिंग’ला, म्हणजे वापरणाऱ्यांच्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देण्याला, भारसंतुलन म्हणावं की भारनियमन? आणि ‘राउंड रॉबिन’, ‘हेल्थ चेक’ वगैरेंचं काय करावं?

भारनियमन आधी बाद करा. घडणीला शब्द वाईट नाही, पण महाराष्ट्रात त्याचा अर्थ एकच, वीज जाणार. शिवाय सर्व्हरच्या जगातही खरंखुरं भारनियमन असतं. झेपणार नाहीत इतक्या विनंत्या आल्या, की काही विनंत्या मुद्दाम ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ असं सांगणारा कोड) देऊन परत पाठवतात. त्याला इंग्रजीतही लोड शेडिंगच म्हणतात. तेव्हा तो शब्द त्या कामासाठी राखून ठेवलेला बरा.

भारसंतुलन चूक नाही, छापलेलंही दिसतं. माझी तक्रार वेगळी आहे. संतुलन म्हटलं की सगळीकडे सारखा भार असं वाचकाच्या मनात बसतं, आणि तसं होतंच असं नाही. दहावीच्या निकालाची दुपार घ्या. १५ लाखांच्या आसपास मुलं, आणि जवळपास सगळी एकाच वेळी संकेतस्थळावर. एका सर्व्हरला हे झेपत नाही, म्हणून तेच ॲप्लिकेशन अनेक सर्व्हरवर ठेवतात आणि पुढे लोड बॅलन्सर बसवतात. ब्राउझरला पत्ता फक्त त्याचा माहीत. तो येणारी विनंती घेतो आणि मागच्या कुणा एकाकडे धाडतो. पण एकाने नुसता स्वतःचा निकाल मागितला आणि दुसऱ्याने अख्ख्या शाळेचा, तरी साध्या पद्धतीत दोन्ही विनंत्या एकेकच धरल्या जातात. तो वाटप करतो; संतुलन साधलं तर साधलं. म्हणून माझं मत भारवाटप.

राउंड रॉबिनला क्रीडापानांवर ‘साखळी पद्धत’ म्हणतात, तो शब्द इथे उचलू नका. साखळी सामन्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. इथे सर्व्हर एकमेकांशी बोलतही नाहीत. पहिली विनंती पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, शेवटचा झाला की पुन्हा पहिला. याला आपल्याकडे आयता शब्द आहे, आळीपाळी. ‘लीस्ट कनेक्शन्स’ म्हणजे त्या घडीला ज्याच्याकडे सर्वांत कमी जोडण्या चालू आहेत त्याला नवी विनंती.

खरी गंमत ‘वेटेड राउंड रॉबिन’मध्ये. शालेय गणिताच्या सवयीने कुणीही ‘भारित’ लिहील, भारित सरासरीसारखं. पण लोडलाही भार आणि वेटलाही भार म्हटलं तर वाक्याचा चुथडा होतो. इथे सरळ ‘वजन’ म्हणा: मोठ्या सर्व्हरला वजन ३, लहानाला १, म्हणजे चार विनंत्यांपैकी तीन मोठ्याकडे.

हेल्थ चेक म्हणजे सर्व्हर ठीक चालतोय ना, हे लोड बॅलन्सरने विचारून पाहणं. त्याला ‘आरोग्य तपासणी’ म्हटलं की शिबिर डोळ्यांपुढे येतं. मला ‘हजेरी’ आवडतो. वर्गात घेतात तशीच, ठरावीक वेळाने. ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची मूळ मांडणी अशी: दर ३० सेकंदांनी हजेरी, लागोपाठ दोनदा उत्तर नाही तर सर्व्हर वाटपातून बाहेर, लागोपाठ पाच बरोबर उत्तरं मिळाली की परत आत. हे आकडे बदलता येतात. फक्त एक टीप जरूर द्या. नुसतं पोर्ट (सर्व्हरचं जोडणी घेणारं दार) उघडं आहे का एवढंच तपासलं, तर डेटाबेस बंद पडलेला सर्व्हरही खुशाल ‘हजर’ म्हणतो.

क्रियेला भारवाटप, पण यंत्रणेला लोड बॅलन्सरच ठेवा. ‘भारवाटपक’ कुणी बोलणार नाही. ॲमेझॉनने २००९ साली ही सेवा आणली तीच इलॅस्टिक लोड बॅलन्सिंग या नावाने, आणि शिकणाऱ्याला पडद्यावर बटण शोधायचंय ते त्याच नावाचं.

राहता राहिलं स्टिकी सेशन. ‘चिकट सत्र’ कृपा करून नको. कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण) पाहून त्याच माणसाला पुन्हा त्याच सर्व्हरकडे धाडायचं, एवढाच त्याचा अर्थ. तेवढं वाक्य लिहून मूळ शब्द वापरा. आणि लॉगिनची माहिती सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत न ठेवता रेडिससारख्या (हा एक वेगवान डेटाबेस) सामायिक जागी ठेवली, तर बहुतेकदा त्याची गरजच पडत नाही, हेही तिथेच सांगून टाका.