वाचकांचे प्रश्न : चावी फिरवली की फक्त 'टक्'

प्रश्न : आमच्या एक्स्कॅव्हेटरची चावी फिरवल्यावर स्टार्टरमधून फक्त 'टक्' असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. बॅटऱ्या नव्या आहेत. स्टार्टर बदलावा का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. आवाज स्टार्टरवरच्या सोलेनॉइडचाच (म्हणजे जाड केबलचा प्रवाह स्टार्टरला जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचाच) असेल, तर चावी, सेफ्टी लिव्हरचा स्विच आणि रिले यांतून येणारा प्रवाह तिथपर्यंत पोहोचतो आहे. म्हणून संशय आधी जाड केबल आणि अर्थिंगवर, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडणीवर, घ्यावा.

२४ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांतली एक कमजोर असली तरी एवढेच लक्षण दिसते, त्यामुळे नव्या असल्या तरी चावी फिरवलेली असताना दोन्हींचा व्होल्टेज वेगवेगळा मोजा. त्यानंतर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष खांबावर, आणि दुसरी स्टार्टरच्या उघड्या धातूवर टेकवून सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगा. इंजिन अचानक सुरू होऊ शकते, म्हणून हात पंखा-पट्ट्यापासून दूर हवेत. चावी बंद असताना हे माप नेहमी निर्दोष दिसते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. भार असताना, म्हणजे चावी फिरवलेली असताना, एक व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी सोडवून, रंग व गंज खरवडून घट्ट बसवा. धन बाजूही अशीच तपासा. दोन्ही बाजू ठीक असून स्टार्टरला भारातही पुरेसा व्होल्टेज मिळत असेल, तरच स्टार्टर उतरवा.