स्लर्म क्लस्टरमध्ये वर्कर नोड्स ‘अप’ दिसतात तरी जॉब फेल होतात, नोडची हेल्थ नक्की कशी तपासायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, कॉलेजच्या लॅबमध्ये १६ वर्कर नोड्स (जॉब चालवणारी मशीन), वर स्लर्म (कुठला जॉब कुठल्या नोडवर जाईल ते ठरवणारा शेड्युलर), हेड नोडवरून (सगळ्यांना सांभाळणारं मुख्य मशीन) क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवायची सोय) दर ५ मिनिटांनी पिंग, पिंगला सगळे उत्तर देतात, एसइन्फोमध्ये (नोड्सची स्थिती दाखवणारी स्लर्मची कमांड) पण सगळे आयडल (रिकामे) नाहीतर अलोकेटेड (कामात), आणि तरी दर दोन दिवसांनी कोणीतरी येऊन सांगतं की सर माझा जॉब मेला. शिवाय प्रोमिथियस आणि ग्राफाना (नोड्सचे आकडे गोळा करून ग्राफ दाखवणारी साधनं) लावायचं का, हे पण विचारलंय. याच जागी मी पण काही वर्षांपूर्वी अडकलेलो, तेव्हा आमच्याकडे २४ नोड्स होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तर सरळ हेल्थ चेक प्रोग्रामवाल्या भागाकडे जा.

पिंग आधी डोक्यातून काढून टाका. पिंगला उत्तर देतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि डिस्क गेलेली असो, मेमरी खचाखच भरलेली असो, एसएसएचने लॉगिन सुद्धा होत नसो, कर्नल बिचारा उत्तर देतच राहतो. स्लर्मचा स्वतःचा हार्टबीट त्याच्यापेक्षा बरा कारण तिथे नोडवरचा स्लर्मडी (प्रत्येक नोडवर चालणारा स्लर्मचा प्रोग्राम) उत्तर देतो, त्याने ३०० सेकंद काही कळवलं नाही (हा डिफॉल्ट आहे, बदलता येतो) तर कंट्रोलर (हेड नोडवरचा स्लर्मचा मुख्य प्रोग्राम) त्या नोडला डाउन करतो, आणि नोड बोलेनासा झाला की त्याच्या स्टेटला शेपटी म्हणून एक चांदणी (*) लागते. पण ही पण शेवटी हजेरीच झाली ना. वर्गात ‘हजर सर’ म्हणून परत बाकावर डोकं टेकणारा पोरगा हजेरीपटात हजरच असतो.

आमचा किस्सा सांगतो. एका पीएचडीवाल्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी ६०० टास्कचा जॉब अ‍ॅरे (एकसारख्या टास्कचा गठ्ठा) टाकला, एका नोडवर एका वेळी ८ टास्क, एकेक टास्क साधारण ४० मिनिटांचा. सोमवारी येऊन बघते तर ४०० च्या वर फेल, आणि फेल झालेले झाडून सगळे ७ नंबरच्या नोडवर. झालं असं होतं की ७ नंबरच्या लोकल डिस्कवर एरर आली आणि लिनक्सने ती फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करून टाकली (ईएक्सटी४ ला तसं सांगून ठेवलेलं असतं बऱ्याचदा, आणि त्यात चूक काही नाही, डेटा बचावतो). मग टास्क यायचा, स्क्रॅचमध्ये (लोकल डिस्कवरची तात्पुरत्या फाइल्सची जागा) फोल्डर बनवायला जायचा, दोन सेकंदांत मरायचा, जागा परत मोकळी, शेड्युलर म्हणणार अरे वा ७ नंबर मोकळा आहे, घे पुढचा. बाकीचे २३ नोड इमानेइतबारे राबतायत, त्यांच्याकडे मिळून १८४ टास्क, आणि उरलेले सगळे या एका भोकातून गळून गेले, ते सुद्धा पहिल्या अर्ध्या तासात. नंतर वीकेंडभर अख्खा क्लस्टर रिकामा. याला लोक ब्लॅक होल नोड म्हणतात. म्हणजे मेलेला नोड परवडला, तो निदान काम मागत नाही, हा अर्धमेला जितक्या लवकर जॉब मारतो तितके जास्त जॉब त्याच्याकडे जातात. आणि या सगळ्या वेळात पिंग चालू, स्लर्मडी चालू, सगळं हिरवं.

म्हणून ‘नोड जिवंत आहे का’ हा प्रश्नच विचारू नका, ‘या नोडला आत्ता जॉब दिला तर तो करेल का’ हा विचारा, आणि याचं उत्तर बाहेरून मिळत नाही, नोडवर बसूनच काढावं लागतं.

त्यासाठी स्लर्ममध्ये सोय आहेच, कॉन्फिगमध्ये हेल्थ चेक प्रोग्राम आणि हेल्थ चेक इंटरव्हल अशा दोन ओळी असतात. इंटरव्हल डिफॉल्टला शून्य असतो म्हणजे बंद, त्यामुळे बऱ्याच जणांना हे आहे हेच माहीत नसतं. इंटरव्हल ३०० सेकंद ठेवा, प्रोग्राम म्हणून तुमची स्क्रिप्ट द्या, ती प्रत्येक नोडवर रूट म्हणून चालते. फक्त लक्षात घ्या की स्क्रिप्टने एरर कोड परत दिला म्हणून स्लर्म स्वतःहून काही करणार नाही, नोड ड्रेन करायची कमांड स्क्रिप्टनेच द्यायची असते. ड्रेनच करा, डाउन नको, ड्रेनमध्ये चालू जॉब पूर्ण होतात आणि नवीन येत नाहीत, डाउन केलं की चालू जॉब पण जातात. शून्यापासून लिहायचं नसेल तर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबमधून आलेलं एनएचसी (नोड हेल्थ चेक) आहे, बॅशमध्ये लिहिलेलं, फुकट आहे, कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीत एक चेक. आम्ही आधी स्वतःची लिहिली, मग तीन महिन्यांनी गुपचूप एनएचसीवर आलो.

आता चेक काय काय करायचे. डिस्क ‘माउंट आहे का’ एवढं बघून भागत नाही, स्क्रॅचमध्ये खरोखर एक छोटी फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे ती खरंच डिस्कवर उतरवायला लावा), पुसा. एफसिंक विसरू नका, नाहीतर लिहिलेलं नुसतं मेमरीत बसतं आणि डिस्कला पत्ताच नसतो. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे बघा जरूर, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) वाढायला लागले तर डिस्क काढायची तयारी करा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका, गूगलने २००७ मध्ये त्यांच्या डिस्कचा अभ्यास छापला होता त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टचे जे चार मुख्य इशारे मानतात त्यातला एकही आलेला नव्हता.

मेमरीचं एक गंमतशीर आहे. रॅमची एखादी स्टिक गेली की रीबूटनंतर नोड मजेत वर येतो, फक्त १२८ च्या जागी ११२ जीबी घेऊन. यात स्लर्म स्वतःच मदत करतो, कॉन्फिगमध्ये रिअल मेमरी नीट लिहिलेली असेल तर नोड ड्रेन होतो आणि रीझनमध्ये ‘लो रिअल मेमरी’ येतं. पण लोक काय करतात, त्या कटकटीला कंटाळून कॉन्फिगमधला आकडाच कमी करून ठेवतात. करू नका.

नेटवर्क. केबलचा क्लिप तुटलेला असला किंवा आतली एक जोडी गेली की गिगाबिटचं पोर्ट मुकाट्याने १०० मेगाबिटवर येतं. पिंग ओके, एसएसएच ओके, फक्त त्या नोडवर डेटा वाचणारा जॉब दहापट रखडतो आणि एमपीआय (एकच जॉब अनेक नोड्सवर मिळून चालवायची पद्धत) असेल तर त्या एका नोडपायी बाकीचे सगळे ताटकळतात. ईथटूल कमांडमधून पोर्टचा स्पीड वाचा आणि अपेक्षित आकड्याशी जुळवा, एका ओळीचं काम आहे. आमच्याकडे हे दोनदा निघालं, दोन्ही वेळा रॅकच्या मागे झाडू मारल्यानंतर!

घड्याळ. आमच्या इथे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, यूपीएस तासभरच दम धरतो, तर एका गुरुवारी लाईट आल्यावर तीन नोड्स वर आले पण स्लर्म त्यांना घेईना. दोन तास नेटवर्कमध्ये डोकं घातलं. मग बघितलं तर तिघांच्याही मदरबोर्डवरचा बटन सेल संपलेला, तारीख भलत्याच सालातली, आणि टाइम सिंक अजून झालेला नाही. स्लर्मचं ऑथेंटिकेशन मंजवर (नोड्सची एकमेकांना ओळख पटवणारी सेवा) चालतं आणि मंजचं क्रेडेन्शियल, म्हणजे ओळखपत्र, डिफॉल्टला ५ मिनिटंच चालतं, घड्याळात त्याहून जास्त फरक पडला की दरवाजा बंद. नाक्यावरच्या दुकानातले तीन सेल, विषय संपला. तेव्हापासून क्रोनीचा (टाइम सिंक करणारा प्रोग्राम) ऑफसेट, म्हणजे घड्याळातला फरक, चेकमध्ये आहे, १ सेकंदाच्या वर गेला की ड्रेन.

आणि आता सगळ्यात छळणारा, एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या नोड्सना मिळणारी सामायिक फाइलसिस्टिम. होम डिरेक्टरी एनएफएसवर असेल (असणारच) आणि सर्व्हर अडकला तर त्याला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली) जाऊन बसते, लोड ॲव्हरेज ८० दाखवतो आणि सीपीयू मात्र थंडगार. आता तुमची हेल्थ चेक स्क्रिप्ट पण डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारते ना, ती पण तिथेच अडकते! स्लर्म ६० सेकंदांनी स्क्रिप्टला मारतो, म्हणजे ड्रेनच्या ओळीपर्यंत ती पोचतच नाही, आणि नोड हिरवाच राहतो. त्यामुळे प्रत्येक चेकला स्वतःचा टाइमआउट लावा, ५ सेकंद पुरे, एनएफएसचा चेक बॅकग्राउंडला सोडा आणि ५ सेकंदांत परत आला नाही तर तेच उत्तर समजा. गप्प बसलेला चेक म्हणजे फेल झालेला चेक, पास नाही, हे एक वाक्य आमच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहून ठेवलंय.

पण थांबा, इथेच मी दुसरी माती खाल्ली. एनएफएस सर्व्हर दोन मिनिटं लटकला, २४ च्या २४ नोड्सचा चेक फेल, २४ च्या २४ ड्रेन. सर्व्हर परत आला, नोड्स मात्र ड्रेनमध्येच, कारण परत उघडायचं काम कोणाला सांगितलेलंच नव्हतं. रोगापेक्षा औषध भयंकर. कुबरनेटिसवाल्यांनी (क्लस्टरवर कंटेनर चालवणारी सिस्टिम, तिथल्या कामाच्या एककाला पॉड म्हणतात) याचा विचार आधीच करून ठेवलाय, तिथे एखाद्या झोनमधले ५५ टक्के नोड्स एकदम खराब दिसले तर कंट्रोलर पॉड हलवण्याचा वेग कमी करतो, आणि ५० किंवा कमी नोड्सचा छोटा क्लस्टर असेल तर हलवणं थांबवतोच, कारण एवढे सगळे एकदम आजारी पडले म्हणजे दोष नोड्सचा नसून मधल्या कशाचा तरी असणार. आम्ही तेच गावठी पद्धतीने केलं, ड्रेन करायच्या आधी स्क्रिप्ट बघते की आधीच किती ड्रेन आहेत, ४ च्या वर असतील तर ड्रेन करत नाही, नुसता मेसेज पाठवते. शिवाय एकदा फेल झालं की लगेच ड्रेन नाही, लागोपाठ दोनदा झालं तर. आणि स्क्रिप्टने स्वतः ड्रेन केलेला नोड चेक पास झाल्यावर स्क्रिप्टच उघडते, माणसाने ड्रेन केलेल्याला मात्र हात लावत नाही. एनएचसीमध्ये हे शेवटचं तयारच मिळतं.

अजून एक प्रकार आहे जो वरच्या कशात सापडत नाही, नोड चालतो पण हळू. हा जुना रोग आहे, गूगलच्या २००४ च्या मॅपरिड्यूस (हजारो मशीनवर डेटा प्रोसेस करायची पद्धत) पेपरमध्ये लिहिलंय की खराब डिस्क असलेल्या मशीनवर एरर दुरुस्त होत राहतात पण वाचायचा वेग ३० एमबी प्रति सेकंदावरून १ एमबीवर येतो. पंख्यात धूळ साठली की सीपीयू तापून स्वतःचा वेग कमी करतो, तो पण यातलाच. यासाठी आम्ही रात्री जे नोड रिकामे असतील त्यांच्यावर २० सेकंदांचा मॅट्रिक्स गुणाकार चालवतो आणि वेळ लिहून ठेवतो, त्याच नोडच्या मागच्या महिन्याच्या वेळेशी आणि शेजारच्या नोडशी तुलना, १० टक्के फरक पडला तर बघायचं. जमलं तर उत्तराचा चेकसम पण जुळवा. हसू नका, फेसबुकच्या लोकांनी २०२१ मध्ये एक केस छापली आहे, स्पार्कवर (मोठा डेटा प्रोसेस करणारी सिस्टिम) काम करताना फाइल्स गायब होत होत्या, शोधत शोधत एका सीपीयूच्या एकाच कोअरपर्यंत पोचले, तो कोअर १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घेतला की १५६ च्या जागी ० देत होता. ना एरर ना लॉग.

प्रोमिथियस आणि ग्राफानाचं विचारलंय तुम्ही. लावा, नोड एक्स्पोर्टर (नोडचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक नोडवर टाका, ९१०० पोर्टवर बसतो, तापमान, डिस्क, लोड सगळं दिसेल, कधी बिघडलं हे मागे जाऊन बघायला फार कामाचं आहे. पण ग्राफ जॉब थांबवत नाही, रात्री दोन वाजता ग्राफ बघायला कोणी नसतं, ड्रेन होणं महत्त्वाचं, म्हणून आधी हेल्थ चेक आणि मग ग्राफ. प्रोमिथियस हेड नोडवर नको, वेगळ्या जुन्या पीसीवर ठेवा, हेड नोड बसला तर सांगणारा कोणीतरी हवा ना. आणि अलर्ट कमी ठेवा, आम्ही सुरुवातीला सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला की मेल असं लावलं होतं, एचपीसी (जड गणितं करणाऱ्या) क्लस्टरवर! तिथे सीपीयू १०० टक्के असणं हेच तर काम आहे. दिवसाला दीडशे मेल, सगळ्यांनी फिल्टर लावून टाकले आणि खरा मेल पण त्याच फोल्डरमध्ये गेला.

ब्लॅक होलसाठी अजून एक, हेल्थ चेक ५ मिनिटांनी चालतो, मधल्या वेळात पण शंभरेक जॉब गळू शकतात, म्हणून स्क्रॅचचा लिहून बघायचा चेक प्रोलॉग स्क्रिप्टमध्ये पण टाका, तो जॉब सुरू व्हायच्या आधी त्याच नोडवर चालतो. प्रोलॉग फेल झाला की स्लर्म स्वतः नोड ड्रेन करतो आणि जॉब रांगेत परत टाकतो, फक्त तो होल्डमध्ये जातो, सोडवावा लागतो. प्रोलॉग हलका ठेवा, तिथे एनएफएसचं काही नको.

आज काही करायला वेळ नसेल तर निदान एसइन्फोला कॅपिटल आर लावून चालवा, कुठला नोड का बाजूला काढलाय ते रीझनसकट दिसतं, कोणी आणि कधी ते पण स्लर्म लिहून ठेवतो. रीझन लिहिताना जरा नीट लिहा बरं का. आमच्या एका ज्युनिअरने रीझनमध्ये ‘बघतो नंतर’ लिहून एक नोड ड्रेन केला आणि नोकरी बदलून गेला, तो नोड दोन महिने तसाच होता, आणि शेवटी उघडून बघितला तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. तुमचं आउटपुट इथे टाका, नोडची नावं बदलून टाका हवं तर, बघू काय निघतंय.