खेळाडू दुखापतीचं नाटक करतोय असं वाटलं तर रेफरीने खेळ थांबवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: वस्तीतल्या फुटबॉल स्पर्धेत तुम्हाला रेफरी म्हणून उभं करतात, 1-0 ने पुढे असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांत एकामागून एक पडायला लागते, आणि बाहेरून लोक ‘नाटक आहे, नाटक आहे’ म्हणून ओरडतात. मग शिट्टी वाजवायची की नाही, आणि खरं-खोटं ओळखायचं कसं?

मी नागपुरात सोळा वर्षांपासून शिट्टी वाजवतो. मोतीबागच्या रेल्वे मैदानापासून कामठीपर्यंत, कॉलेजांचे सामने, वस्त्यांतल्या सात-सात जणांच्या स्पर्धा, सगळीकडे उभा राहिलो आहे. माझं सांगणं एवढंच की प्रश्नाचा दुसरा भाग आधी डोक्यातून काढून टाका. खरं-खोटं ओळखणं हे आपलं काम नाही.

हे मी एका पोराच्या खर्चाने शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका सेमीफायनलला एक लेफ्ट विंगर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, पडण्यात पटाईत म्हणून ओळखला जाणारा. पहिल्या हाफमध्ये दोनदा पडला आणि दोन्ही वेळा आपणच उठून पळाला. तिसऱ्यांदा मध्यरेषेजवळ पडला तेव्हा मी त्याच्या डोक्याशी उभा राहून म्हणालो, ‘उठ बे, पुरे झालं आता.’ तो उठला. चार मिनिटं डावा हात छातीशी धरून खेळला आणि मग टचलाइनपाशी, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेपाशी, जाऊन बसला. कॉलरबोन तुटलं होतं. रात्री दवाखान्यात भेटायला गेलो तर मला म्हणाला, ‘सर, तुम्ही म्हणाले म्हणून उठलो.’

लोक खुणा सांगतात. खोटं पडणारा आधी रेफरीकडे पाहतो, खरं लागलेला गप्प पडून राहतो, वगैरे. माझा या खुणांवर विश्वास उरलेला नाही. नडगीवर बुटाचा स्टड बसल्यावर चार कोलांट्या खाल्लेली पोरं मी पाहिली आहेत, आणि शिनगार्ड काढलं तर खाली रक्त होतं. उलटंही घडतं. 2014 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रेमरच्या डोक्याला अर्जेंटिनाच्या खेळाडूचा खांदा लागला. तो उठला, धावायला लागला, आणि थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझ्झोली यांनाच विचारलं की ही फायनलच चालू आहे ना. 31 व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. पाहणाऱ्याला वाटलं असतं की गडी ठीक आहे.

नियमांची रचना पाहिली तर तीही हेच सांगते. फुटबॉलच्या नियमावलीतल्या पाचव्या नियमात रेफरीला एवढंच ठरवायचं असतं: दुखापत गंभीर दिसते की किरकोळ? गंभीर असेल तर खेळ ताबडतोब थांबवा. किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्या. पडलेल्याची नियत काय आहे, हा प्रश्न इथे कुठेच येत नाही.

गंभीर कशाला म्हणायचं, हे मी ठरवून ठेवलं आहे. डोकं, मान, छाती, वेडावाकडा दिसणारा हातपाय, आणि कोणाचा धक्काही न लागता कोसळलेला माणूस. यांत मी क्षणभरही थांबत नाही, मग समोरची टीम गोलच्या तोंडाशी का असेना. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन थ्रो-इनवरून आलेला चेंडू घ्यायला गेला आणि कोणाचा धक्का न लागता कोसळला. रेफरी अँथनी टेलर यांनी लगेच शिट्टी वाजवून डॉक्टरांना आत बोलावलं. एरिक्सन वाचला आणि पुढे परत खेळला. आपल्याकडे 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर गोल करताना गोलीशी, म्हणजे गोलकीपरशी, टक्कर होऊन पडला आणि वाचला नाही. आपल्या मैदानांवर बहुतेक वेळा ना डॉक्टर असतो ना ॲम्ब्युलन्स. बर्फाची बादली आणि एक स्प्रे, एवढीच तयारी. तिथे रेफरीने संशय घेत दोन मिनिटं घालवली तर ती भरून काढणारं मागे कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच डोकं धरून पडतील. काही पडतील, खरं आहे. समोरच्याचा काउंटर अटॅक मोडायला डोकं धरणारे मीही पाहिले आहेत. त्यांना एक शिट्टी मिळू द्या, पण त्यातून फायदा मिळू देऊ नका. थांबवलेला खेळ पुन्हा सुरू करायला रेफरी चेंडू टाकतो, तो ड्रॉप बॉल. तो आता दोन्ही टीमच्या झटापटीत टाकत नाहीत. 2019 पासून तो एकाच टीमच्या एका खेळाडूला दिला जातो आणि बाकी सगळे 4 मीटर लांब उभे राहतात. 2025-26 च्या नियमांत आणखी सुधारणा झाली: पेनल्टी एरियाच्या बाहेर खेळ थांबला असेल आणि चेंडू कोणाकडे जाणार होता हे स्पष्ट असेल, तर ड्रॉप बॉल त्याच टीमला. म्हणजे हल्ला करणाऱ्यांचा चेंडू हल्ला करणाऱ्यांकडेच राहतो. त्यांची लय तुटते, त्याला माझ्याकडे उपाय नाही. डोक्याच्या बाबतीत तेवढी किंमत मी मोजतो.

आता पाय, पोटरी, घोटा. बहुतेक पडणं याच भागातलं असतं आणि तुमचा खरा त्रासही इथेच आहे. इथे खेळ चालू ठेवा. चेंडू बाहेर गेला की पडलेल्याजवळ जा, गुडघ्यावर बसा, आवाज चढवू नका. मी एकच विचारतो: ‘काय झालं? बाहेरून कोणाला बोलावू का? बोलावलं तर तुला बाहेर जावं लागेल.’ तो ‘सर, नस चढली’ म्हणतो. मी म्हणतो, ठीक आहे, बोलावतो. बरेच जण तेवढ्यात उठून बसतात. जो उठत नाही त्याच्यासाठी मी हात करतो, आणि मग तो बाहेर जातोच. मैदानात उपचार नाहीत, आणि खेळ सुरू झाल्याशिवाय परत आत येणं नाही, हे नियमातच आहे. आपल्याकडे नेमकं हेच पाळलं जात नाही. दोन मिनिटं स्प्रे मारतात, पाणी पाजतात, पोरगा तिथेच उभा राहतो आणि खेळ सुरू होतो. पडण्याची सगळी कमाई इथे होते. एक मिनिटही दहा जणांनी खेळावं लागलं की पुढे असलेल्या टीमचा कॅप्टनच ओरडतो, ‘उठ ना बे!’

अपवाद मात्र पाठ करून ठेवा, नाहीतर अन्याय होतो. गोली जखमी असेल, गोली आणि दुसरा खेळाडू एकमेकांवर आदळले असतील, एकाच टीमचे दोघं आदळले असतील, दुखापत भारी असेल, किंवा पेनल्टी मिळाली असून जखमी खेळाडूच ती मारणार असेल, तर बाहेर जायची गरज नाही. आणि ज्या फाउलला तुम्ही यलो किंवा रेड कार्ड दाखवलं त्याच फाउलमध्ये लागलं असेल आणि उपचार पटकन उरकत असतील, तर तोही आत राहतो. हा शेवटचा अपवाद मला फार योग्य वाटतो. मार खाल्लेल्याच्याच टीमने एक गडी कमी घेऊन का खेळावं?

बाहेर किती वेळ ठेवायचं, यावर मोठ्या लीगही हेच करून पाहत आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2023 पासून 30 सेकंद ठरवले. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने 2024 मध्ये नियम आणला की 15 सेकंदांहून जास्त पडून राहिलात आणि फिजिओ आत आला तर 2 मिनिटं बाहेर; डोक्याची आणि गंभीर दुखापत यातून वगळलेली. तुमच्या स्पर्धेच्या समितीला सांगून असा एक मिनिटाचा नियम आधीच छापून घ्या. आपल्या मनाने मात्र मैदानावर नियम बनवू नका, त्यातून भांडणं होतात.

गोलीचं नाटक सगळ्यात अवघड, कारण त्याला बाहेर पाठवता येत नाही. तो बसला की बाकीचे दहा जण पाणी प्यायला आणि कोचचं ऐकायला टचलाइनवर गोळा होतात. तिथे मी फक्त घड्याळ दाखवतो. हात वर करून, सगळ्यांना दिसेल असं. घड्याळ ही रेफरीची खरी ताकद आहे. 2022 च्या कतार वर्ल्डकपला इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलीच्या डोक्याला लागलं आणि पहिल्या हाफमध्येच 14 मिनिटं वाढवली गेली. तिथे दुखापत खरीच होती, पण वाया गेलेला वेळ परत दिला गेला. आपल्याकडे आयोजक म्हणतात, अंधार पडतो, अजून एक सामना आहे. मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो की गेलेला वेळ मी देणार, सामने अर्धा तास आधी सुरू करा.

यलो कार्डाबद्दल. दुखापतीचं सोंग करून रेफरीला फसवणं हा कार्डाचा गुन्हा आहेच, आणि त्यासाठीच खेळ थांबवला असेल तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल होत नाही ती) मिळते. पण हे कार्ड फक्त डोळ्यांनी पाहिलं असेल तेव्हाच. 2002 च्या वर्ल्डकपला तुर्कस्तानच्या खेळाडूने मारलेला चेंडू ब्राझीलच्या रिव्हाल्डोच्या पायाला लागला आणि तो चेहरा धरून पडला. तुर्की खेळाडू दुसऱ्या यलोवर बाहेर गेला, रिव्हाल्डोला नंतर दंड झाला. असं समोर दिसलं तर कार्ड द्या. ‘हा नेहमीच पडतो’ एवढ्या आधारावर देऊ नका. मी एकदा तेवढ्याच आधारावर निर्णय घेतला होता, तो वर सांगितला.

आणखी दोन गोष्टी. समोरच्या टीमची पोरं पडलेल्याला काखेत धरून बाहेर ओढायला लागतात. तिथे लगेच मधे पडा. मान किंवा पाठ दुखावली असेल तर ओढल्याने जन्माचं नुकसान होतं, आणि मारामारीही इथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि आपल्या स्पर्धा सुट्ट्यांत, म्हणजे नेमक्या तेव्हाच असतात. पोरं सकाळपासून काही न खाता आलेली असतात. शेवटच्या दहा मिनिटांत पोटरीत गोळे येणं यात खोटं काय असणार? नियमात दीड ते तीन मिनिटांच्या कूलिंग ब्रेकची सोय आहे. मी प्रत्येक हाफमध्ये तो द्यायला लागलो तेव्हापासून माझ्या सामन्यांत पडणं दिसण्याइतकं कमी झालं. ज्यांना आपण नाटकी म्हणत होतो त्यांतल्या बऱ्याच जणांना पाणी हवं होतं.

आणि टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना समोरासमोर सांगा की खेळ थांबवायचा तो मी थांबवीन, शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहा. चेंडू मुद्दाम बाहेर मारायचा आणि समोरच्याने तो परत द्यायचा, हा रिवाज आहे, नियम नाही. 1999 मध्ये एफए कपला शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारला, आर्सेनलने थ्रो-इनवर तो परत दिला, पण आर्सेनलच्याच नवख्या कानूने मधेच पळवला आणि गोल झाला. नियमाने गोल बरोबर होता. आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन व्हेंगर यांनी स्वतःहून सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली आणि तो खेळला गेला. वस्तीतल्या फायनलला सामना पुन्हा कोणी खेळवत नाही, तिथे दगड येतात. म्हणून ही दोन वाक्यं टॉसलाच बोलून घ्या, दोघांकडून ‘हो’ म्हणवून घ्या, आणि मगच नाणं उडवा.